पांढऱ्या रेघेचं मडकं

कोबीच्या पानाआडची अळी जिभाऊ दोन बोटांत धरायचे, डोळ्यांसमोर आणून तिची वळवळ जरा वेळ बघायचे आणि चिरडायच्या आधी तिला म्हणायचे, "जाय, तुन्ही मायले सांग."

जा, तुझ्या आईला सांग. मग बोटं मिटायची. हिरवा रस धोतराला पुसून जिभाऊ पुढच्या पानाकडे वळायचे. एका सकाळी शेदीडशे वेळा तरी हे वाक्य कानावर पडायचं. पहिल्या दिवशी मी मोठ्यानं हसलो होतो. मला वाटलं, म्हातारा गमत्या आहे.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा ग्रामसेवक होतो. नाशिकच्या ग्रामसेवक शाळेचं शिक्षण, नवी कोरी खाकी पँट आणि सायकल एवढ्या भांडवलावर तापीकाठच्या त्या गावाला शेती शिकवायला आलो होतो. सारंगखेड्याच्या अलीकडचं गाव. जिल्हा तेव्हा धुळ्याचा. मला राहायला दिलेली खोली जिभाऊंच्या भाजीच्या मळ्याला लागून होती, त्यामुळे दात घासायला बाहेर आलं की समोर वांगी, मिरच्या, कोबी आणि त्यांच्यामधून वाकून चाललेले जिभाऊ. त्यांचं खरं नाव मी कागदावर अनेकदा लिहिलं, पण इथे लिहिणार नाही. मोठ्या माणसाला तिकडे खानदेशात जिभाऊ म्हणतात, तेवढं पुरे.

ते मला 'भाऊसाहेब' म्हणायचे आणि लगेच अरे-तुरे करायचे. "भाऊसाहेब, तू इकडे ये." त्यांच्या लेखी दोन्हीत काही विसंगती नव्हती.

कीड मारण्याचं त्यांचं शास्त्र चुलीपासून सुरू व्हायचं. थंडीच्या दिवसांत पहाट फुटली की चाळलेली राख सुपात घेऊन ते वाफ्यांवरून चिमटी-चिमटी उधळत जायचे. "दव ऱ्हास तवय राख टाकानी. दव सुकनं का राख उडी जास." मावा पडलेलं पान राखेनं पांढरं झालं की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं. मिरचीची पानं आकसली की आंबट ताक. वांग्याचा शेंडा सुकला की तो खुडून थेट विस्तवात. उन्हाळ्याअखेरीला वेचून ठेवलेल्या लिंबोळ्या कुटून, फडक्यात बांधून पाण्यात भिजत घालायच्या आणि ते दुधासारखं पाणी कडुलिंबाच्या डहाळीनं शिंपडायचं. रोपं लावली की दुपारच्या उन्हात प्रत्येक रोपावर एरंडाचं पान. रोपाशी बोलताना त्यांचा आवाज इतका मऊ व्हायचा, की कोण बोलतंय म्हणून मी एकदा मागे वळून पाहिलं होतं.

झोपडीच्या सावलीला दोन मडकी असायची. एकात चिरडलेल्या अळ्या आठ-आठ दिवस कुजत ठेवलेल्या. ते पाणी शिंपडलं की त्या जातीची अळी फिरकत नाही, असं त्यांचं म्हणणं. "आपला मेलेला माणसंना वास येस तठे कोन जेवाले बसस?" दुसऱ्या मडक्यात तंबाखूची देठं उकळून केलेला काळा काढा, त्यातही लिंबोळीचा चोथा टाकलेला. याच्या गळ्याभोवती चुन्याची पांढरी रेघ ओढलेली होती. मी एकदा काय आहे म्हणून त्यात बोट घालायला गेलो, तर मनगटावर काठी बसली.

"पांढरी रेघ दिखनी का हात मांगे! त्यानं भरेल लोटा पिधा ते बैलबी आडवा पडस."

मनगट चार दिवस सुजलं होतं. दुसऱ्या दिवशी माझ्या दाराशी भरताची दोन वांगी ठेवलेली दिसली. कोणी ठेवली हे विचारायची गरज नव्हती.

आता सुनेचं सांगतो. जिभाऊंचा एकुलता मुलगा लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तापानं गेला आणि घरात उरली ही पंचविशीची विधवा सून. मुलाच्या मरणाचा राग जिभाऊंनी तिच्यावर काढायचं ठरवून टाकलं होतं. पहाटे राख चाळायची तिनं, पाणी वळवायचं तिनं, अळ्या वेचायच्या तिनं, मडकी भरायची तिनं. जिभाऊंची सगळी विद्या तिच्या हातात उतरली होती, पण तिच्या वाट्याला शिव्याच. एक वेचलेला वाफा त्यांनी पुन्हा तपासला आणि त्यात अळी सापडली, तर ती अळी ते तिच्या तळहातावर ठेवायचे आणि मूठ मिटायला लावायचे. मी हे कुंपणापलीकडून पाहिलेलं आहे. ती रडली की जिभाऊंचं ठरलेलं वाक्य यायचं.

"जाय, तुन्ही मायले सांग."

माय नदीपलीकडच्या गावात होती. तेव्हा तिथे पूल नव्हता, नाव होती. मळ्याच्या टोकाला उभं राहिलं की माहेरची झाडं दिसत. तीन वर्षांत जिभाऊंनी तिला एकदाही पलीकडे पाठवलं नव्हतं. भाजीला सुट्टी नसते, हे त्यांचं कारण.

आणि मग एका दुपारी नावाडी निरोप घेऊन आला. सुनेची माय सकाळी गेली होती. मी बांधावर जिभाऊंशी बोलत उभा होतो. सून लांब, वांग्यांच्या ओळीत. जिभाऊंनी "बरं" म्हटलं, नावाड्याला परत धाडलं आणि माझ्याकडे वळले.

"आज बोलू नको, भाऊसाहेब. परवा शहादाना बजार शे. वांगा उतरावना शेत."

मी बोललो नाही. घरगुती मामला, आपण परके, असं मी स्वतःला समजावलं. उचलली जीभ लावली टाळ्याला असं म्हणतात, पण न उचललेली जीभही तेवढीच पाप करते. दोन दिवस तिनं वांगी उतरवली. त्यात एकदा कुंपणाशी येऊन मला म्हणाली, "भाऊ, औंदा आखाजीले मायकडे जासू. जिभाऊ हा म्हननात." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशात लेकींनी माहेरी जायचा सण. जिभाऊ खरंच हो म्हणाले होते. आदल्याच दिवशी, निरोप आल्यावर.

बाजार झाल्यावर तिला सांगितलं. ती नावेतून पलीकडे गेली तेव्हा मायची राखसुद्धा तापीत सोडून झाली होती. तिसऱ्या दिवशी परत आली, कारण माहेरी आता भावजयीचं राज्य होतं. आल्या आल्या जिभाऊ एका सुकलेल्या रोपावरून तिच्यावर खेकसले. तिचे डोळे भरले, आणि सवयीनं, निव्वळ सवयीनं, ते बोलून गेले, "जाय, तुन्ही मायले सांग."

ती खाली ठेवत होती ते सूप तिच्या हातात तसंच राहिलं. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. जिभाऊ काही तरी शोधत असल्यासारखे मिरच्यांकडे निघून गेले. दुसऱ्या पहाटे मी उठलो तर राख जिभाऊ स्वतः चाळत होते आणि सून आत झोपलेली होती. त्यांनी तिला उठवलं नव्हतं. त्या माणसाला क्षमा मागायची एवढीच रीत ठाऊक असावी. ती तिला कळली नाही, किंवा कळूनही पुरली नाही.

इथे माझी कथा त्यांच्या कथेत शिरते.

वरून कीटकनाशक पावडरीच्या गोण्या आल्या होत्या. करड्या-पांढऱ्या, कोंदट वासाच्या. गावात वाटून प्रात्यक्षिक करायचं होतं. जिभाऊ प्रात्यक्षिकाला पहिल्या रांगेत येऊन बसले, केवळ मला छळायला.

"भाऊसाहेब, हाई काय शे?"

"औषध आहे, जिभाऊ. पिकावर मारायचं."

"औषध देतस का मारतस?"

लोक हसले. औषध मारा, असं आम्ही सर्रास बोलतो. त्यातला विनोद मला त्या दिवसापर्यंत कळला नव्हता. कोणी पावडरीला हात लावेना. सरपंच सगळ्यांच्या देखत माझ्याकडे बघू लागले. मला घाम फुटला, आणि मग मी अतिशहाणपणा केला. गावच्या बोलीत बोललो तर माणसं आपली होतात, असं आम्हाला शिकवलं होतं. मी मूठभर पावडर उचलली आणि ओरडलो, "हाई सरकारनी राख शे समजा! राखसारखी वापरा!"

टाळ्या पडल्या. लोकांनी डबे भरभरून नेले, तासाभरात गोण्या रिकाम्या झाल्या. जिभाऊ एकटे रिकाम्या हातानं उठले.

तुम्ही घरात राख कशाकशाला वापरता, आठवून पाहा. त्या काळी भांडी राखेनं घासत, दात राखेनं घासत, आणि डाळ-कडधान्याला कीड लागू नये म्हणून त्यात राख कालवून ठेवत. माझ्या आईनं जन्मभर हेच केलं. मी त्याच डाळीवर वाढलो होतो. पण तेव्हा माझ्या डोक्यात आई नव्हती, टाळ्या होत्या.

सात-आठ दिवसांनी सरपंचांच्या घरात चार माणसं एकदम आडवी झाली. उलट्या, झटके. दुपार टळायच्या आत सरपंचांची म्हातारी आई गेली, बाकीचे वाचले. मी धावत गेलो. बाहेर रडारड चाललेली, आणि स्वयंपाकघरात डाळीच्या कोठीशेजारी माझ्या पावडरीचा डबा. अर्धा. मी सरपंचांच्या बायकोला विचारलं, हे काय. ती बिचारी डोळे पुसत म्हणाली, "तुमनीच राख, भाऊसाहेब. दाळले लाई ठेवी व्हती. टोका लागत नही."

मी तो डबा उचलला, पंच्यात गुंडाळला आणि तापीत बुडवला. उरलेली डाळ 'नासली असेल' म्हणून उकिरड्यात पुरायला लावली. मग घरोघरी जाऊन 'पावडर जुनी झाली' असं सांगत डबे गोळा केले. एवढं मात्र चोख केलं. पण का, हे कोणालाही सांगितलं नाही. ताकास तूर लागू दिली नाही म्हणतात, ती म्हण मला तेव्हापासून ऐकवत नाही.

म्हातारीनं त्या दिवशी डाळीबरोबर काय खाल्लं होतं? वांग्याची भाजी. वांगी कोणाची? जिभाऊंची. आणि जिभाऊ वांग्यांवर काय शिंपडतात? कुजलेल्या अळ्यांचं पाणी. गावाला हिशेब जुळवायला एक संध्याकाळ पुरली. जिभाऊंची जीभ लागली नाही असं एकही घर गावात नव्हतं, त्यामुळे त्यांच्या बाजूनं बोलायला कोणी उठलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. संन्यासी कडू तोंडाचा असला की फाशी देताना लोकांना बरंही वाटतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चावडीवर जिभाऊंना बोलावलं. माणसांच्या हातात काठ्या होत्या, दोघा-तिघांनी दगडही धरले होते. बिड्या पेटलेल्या, तंबाखू मळली जात होती. सरपंचांचे डोळे लाल होते. आई गेलेला माणूस, त्याला तरी काय म्हणणार?

"तुन्हा पानीमा विष नही ना, जिभाऊ? मंग आठे सगळासना म्होरे पी."

जिभाऊ हसले. त्यांना खरंच मजा वाटली असावी. "पीसू. लोटाभर पीसू. तुन्हा बापना येळपाईन मन्हा हात त्यामा बुडेल शेत." आणि कोपऱ्यात पदर ओढून उभ्या असलेल्या सुनेला म्हणाले, "जाय वं, अळीनं मडकं लई ये."

ती गेली. मळा जवळच होता, पण तिला यायला वेळ लागला. आली, मडकं चावडीच्या पायरीवर ठेवलं आणि मागे सरकली.

मडक्याच्या गळ्यावर ओलसर पट्टा दिसत होता. तिथे काही तरी नुकतंच घासून पुसलेलं होतं. आणि तिच्या काळ्या लुगड्याच्या पदराच्या टोकाला चुना लागला होता.

मला कळायला एक क्षणही लागला नाही. माझं मनगट ती रेघ ओळखत होतं. चावडीत इतका तंबाखूचा वास भरलेला होता की बाकी कोणाच्या नाकाला काही वेगळं लागलं नसेल.

कोणी तरी लोटा भरून जिभाऊंच्या हातात दिला. त्यांनी तो तोंडापर्यंत नेला आणि थांबले. वास घेतला. मग सुनेच्या पदराकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

त्या नजरेत विनवणी नव्हती. तीन दिवसांत जे तुला बोलता आलं नाही, ते आता बोलतोस का, एवढंच ते विचारत होते. माझ्याजवळ दोन वाक्यं होती. 'हे तंबाखूचं मडकं आहे' हे एक, आणि 'म्हातारी माझ्या पावडरीनं मेली' हे दुसरं. पहिलं बोललो असतो तर ते दगड सुनेकडे वळले असते. दुसरं बोललो असतो तर माझ्याकडे. मी पायातल्या वहाणेकडे पाहिलं.

जिभाऊंनाही बोलता आलं असतं. 'मडकं बदललं' असा एक शब्द, आणि गावानं तिला तिथेच ठेचली असती. जन्मभर त्यांनी हाती लागलेला एकही जीव सोडला नव्हता. हा सोडला.

त्यांनी अर्ध्याहून जास्त लोटा एका दमात रिकामा केला, मिशी पुसली आणि सुनेकडे बघून, रोपाशी बोलायचे त्या आवाजात म्हणाले, "जाय. तुन्ही मायले सांग."

मग ते पायरीवर बसले. थोड्याच वेळात कपाळावरून घाम निथळू लागला, तोंडाला फेस आला, हात थरथरायला लागले. कोणी तरी बैलगाडी जुंपायला पळालं. बैल जुंपून होईतो जिभाऊ संपले होते.

"देखा!" मागून एक जण म्हणाला. "विषच व्हतं!"

गावाची खात्री पटली. लोकांनी मळ्यात जाऊन झोपडी मोडली, उरलेलं मडकं फोडलं, वांगी उपटली. कुजलेल्या अळ्यांचं पाणी वाफ्यात पसरलं आणि लोक नाकाला धोतर लावून बाजूला झाले. मी वर अहवाल पाठवला: अशास्त्रीय घरगुती उपायांमुळे दोन बळी, पावडरीचा प्रसार अधिक जोमानं व्हावा. त्यावर मला शाबासकीचं पत्र आलं. ते मी फाडलं नाही. नोकरीच्या कागदांत ते निवृत्त होईपर्यंत होतं.

सून त्याच दिवशी गेली. नावेत एकटी बसली होती, माहेराकडे पाठ करून. तिच्याकडे एक गाठोडं होतं, आणि त्यात काय होतं ते मला नंतर कळलं.

सहा-सात वर्षांनी मी शहाद्याला बदलून आलो. आठवडे बाजाराच्या दिवशी एसटी स्टँडबाहेर भाजीवाल्यांच्या रांगेत चालताना पाय थबकले. एका गोणपाटावर भरताची वांगी मांडली होती, आणि देठांच्या बेचक्यांत राख होती. धुऊनही थोडी राहतेच. एखादं भोक पडलेलं वांगं सापडेल म्हणून शोधलं असतं तर तुम्हाला सापडलं नसतं. मागे ती बसली होती. केस अर्धे पांढरे झाले होते. नेसूच्या कनवटीला वांग्याच्या बियांची पुरचुंडी होती; गाठोड्यातून तिनं बीच नेलं होतं. जिभाऊंचा मळा तिनं पलीकडे नेला होता.

मी वांगी घेतली. तिनं मला ओळखलं होतं, पण हात थांबला नाही. तागडी खाली ठेवून तिनं आजूबाजूला पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "मन्हा पदर तुमीन बी देखा व्हता ना, भाऊ?"

"हो."

"जिभाऊनी बी देखा व्हता." तिनं वांगी माझ्या पिशवीत ओतली. "त्यासनी देखीसन पिधं."

तिनं कोबीचा एक गड्डा उचलला, बाहेरचं पान उलटलं, अळी दोन बोटांत धरली.

"आनि तो डबा?" ती म्हणाली. "सरपंचना घरना. तापीमा टाका तुमीन. मी घाटवर व्हतू. कोनले सांगं कधी?"

"कोणालाच नाही."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. जिभाऊ अळीकडे बघायचे तसं, जरा वेळ.

"मंग जावा," ती म्हणाली, "तुमनी मायले सांगा." आणि बोटं मिटली.

माझी आई तेव्हा नाशिकला जिवंत होती. पुढे अकरा वर्षं होती. दर दिवाळीला मी घरी जायचो, ती डाळ चाळून राख बाजूला काढत बसलेली असायची, आणि मी तिच्यासमोर बसून गावाकडच्या गमती सांगायचो. ही सांगितली नाही.